सैंधवाचे सोमवार

१४ जुलै, सोमवार
हिंदी श्रावण लागला, आज त्याचा पहिला सोमवार. आपला मराठी श्रावण अजून अमावास्येनंतर. पण आमच्याकडे दोन्ही. सासूबाईंचं म्हणणं, उज्जैनला राहून इथले सोमवार सोडायचे कसे, आणि घरचे तरी कसे सोडायचे? म्हणजे चाराच्या जागी सहा सोमवार.
बी.पी. १२८/८२. चार महिने शहाण्यासारखं वागतंय. अजून दोन महिने हा माझ्याच अंगावर उलटणारा ल्यूपसचा रोग गप्प राहिला, लघवीत प्रोटीन आलं नाही, बी.पी. जागेवर राहिलं, तर इंदूरच्या डॉक्टर मॅडम हो म्हणणार. आताची बी.पी.ची गोळी किडनीला चांगली, पण पोटातल्या बाळाला चालत नाही. ती बदलून देणार. बायका पाटल्यांची वाट बघतात, मी गोळीची बघून राहिले आहे.
महाकालाला बोलले. श्रावणभर उपासाचंच खाईन. काय मागितलं ते इथेही लिहीत नाही.

१९ जुलै
अळणी खाऊन खाऊन जीभ मेली होती. आज भगर, दाण्याची आमटी, वर तळलेल्या बटाट्याच्या पापड्या. सगळं सैंधवात. सासूबाई म्हणतात, सैंधव बी.पी.वाल्यांना चालतं, ते मीठ थोडंच आहे! दोनदा आमटी घेतली. त्या एवढ्या खूश, की स्वतःचं पान वाढून घ्यायचं विसरल्या. नवरोबा अनि म्हणाला, किती दिवसांनी तुला जेवताना बघतोय. नाहीतर नुसती गिळतेस.

२८ जुलै, सोमवार
१४६/९२. मशीन बिघडलं असणार. अनिचं मोजलं. १२०. मशीन ठीक आहे. श्शी.
शाळेच्या स्टाफरूममध्ये निदान तयारच. मॅडम, आप सोचती बहुत हो. म्हणजे मी विचार सोडला की ल्यूपस सुटीवर जाणार? डोकं उठतं अशाने.

२ ऑगस्ट
चपलेचा पट्टा पायात रुतला. सकाळी बोटं आखडलेली, बाटलीचं झाकण उघडेना. अनिला सांगणार नव्हते. त्याने पाय बघितले, गॅलरीत जाऊन इंदूरला फोन लावला आणि मॅडमकडे मंगळवारचा नंबर घेतला.

५ ऑगस्ट, मंगळवार
नानाखेड्याहून इंदूरची बस, दोघं. वाटभर अनि क्रिकेटचं बोलत होता, म्हणजे घाबरलेला होता.
मॅडमनी विचारलं, खाण्यात काय? मी ऐटीत सांगितलं. मीठ बंद, फक्त सैंधव. त्यांनी पेन खाली ठेवलं.
“सेंधा भी नमक ही है. आप तो केमिस्ट्री पढ़ाती हैं न?”
धरणीने पोटात घ्यावं असं झालं. अकरावीच्या पोरींना सोडियम क्लोराइड फळ्यावर लिहून देते आणि घरी येऊन तेच वाटीने खाते. कारण डबा वेगळा. कारण उपासाचं.
प्रोटीन परत आलंय. सहा महिने पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. मॅडम म्हणाल्या, सगळं मिठानेच झालं असं नाही, रोगानेही आपणहून डोकं वर काढलं असेल. आधी कोण, सांगता येत नाही. कागदावर किडनी काढून समजावलं. ज्या पेशींनी जंतू पकडायचे, त्या पहारेकऱ्यांनी माझ्या किडनीत आणि नसांच्या भिंतींत ठिय्या दिलाय. त्याने सूज. नसा आवळतात, किडनी मीठ-पाणी धरून ठेवते, दाब चढतो. दाबाने भिंती दुखावल्या की आणखी पहारेकरी धावून येतात. आणि मिठाने ते आणखी भडकतात, असं आता संशोधनात दिसून येतंय. ल्यूपस नसलेल्यांच्या बी.पी.तही त्यांचा थोडाफार हात असतो म्हणे.
म्हणजे नुसतं टेन्शन नाही. माझा स्वभाव नाही. एवढं ऐकूनच रडू फुटलं. मॅडमना वाटलं, सहा महिन्यांचं रडतेय. तेही होतंच.
स्टेरॉइड वाढवलं. बी.पी.ची गोळी तीच.

६ ऑगस्ट
अनिने सासूबाईंना सांगून टाकलं. जेवताना त्यांनी स्वतःलाही माझंच अळणी वाढून घेतलं. मी म्हटलं, हे काय नाटक, तुम्हाला कशाला शिक्षा? तेव्हा म्हणाल्या,
“मला वाटलं, दोन घास तरी तुला चवीचे जावेत.”
रागवायची पूर्ण तयारी होती. रागावताच आलं नाही. नवस बोलणारी मी, खाणारी मी. पोळीचा तुकडा मोडत बसले.

११ ऑगस्ट, सोमवार
१३८/८८. उपास नाही. वरण-भात, लिंबू.
आज लिहूनच टाकते. मूल हवंय मला. अनिसारखे पुढे आलेले कान असलेलं, हट्टी, रात्री झोपू न देणारं. लोकांची झोपमोड ऐकून मला हेवा वाटतो. डिसेंबरात छत्तिसावं लागेल. माझंच शरीर मलाच परकं समजून चोपतंय, ते त्या एवढ्याशा जिवाला तरी आपलं म्हणेल का? मॅडमना हे विचारायचं राहिलं. खरं म्हणजे विचारवलं नाही.

१८ ऑगस्ट, सोमवार
महाकालाच्या पालखीची शेवटची सवारी. नवस अर्ध्यावर सुटला, एवढं तरी समोर उभं राहून सांगावं, म्हणून गेले. गर्दीत शिरायला मनाई, गोळ्यांनी पहारेकरी ढिले पडलेत. तेव्हा सासूबाईंच्या मैत्रिणीच्या ओट्यावर, मास्क लावून, छत्री घेऊन. सासूबाई शेजारी.
पालखी वळणावर दिसली आणि खालून एका खेड्यातल्या बाईने सरळ आपलं मूल माझ्याकडे वर केलं. दीदी, दो मिनट पकड़ लो. छत्री सासूबाईंनी धरली. पाच-सहा महिन्यांचं असेल. जड, घामेजलेलं. खांद्यावर डोकं टाकून झोपून गेलं. पालखी गेली, मी बघितलीच नाही. सांगायचं होतं तेही राहिलं.
बाई परत आली. मूल घेता घेता विचारलं, आपके कितने हैं?
सासूबाईंनी चटकन माझ्याकडे बघितलं.
“अभी नहीं हैं,” मी म्हटलं.
घरी आल्यावर अनि मशीन घेऊन आला. म्हटलं, उद्या मोजू. ओढणीवर खांद्याशी लाळ लागली होती. सासूबाई धुवायचे कपडे गोळा करत होत्या, ओढणी मागितली. मी दिली नाही.