पाय न टेकवता

५ जानेवारी, रविवार

पुन्हा टेकला. जांभळीच्या वळणावर, त्याच जागी, डावा पाय.

तिथून पौर्णिमाची शाळा चार किलोमीटर. आणि मी सायकल वळवून खाली परतवाड्याला आलो. नोव्हेंबरात एकदा, आज दुसऱ्यांदा. बायकोच्या दारापासून चार किलोमीटरवरून माघारी फिरणारा नवरा अख्ख्या तालुक्यात मीच असेन. तिला पत्ताही नाही.

६ जानेवारी

जूनमध्ये ती वरच्या आश्रमशाळेत मुख्याध्यापिका होऊन गेली. मी म्हणालो होतो, ‘जायचं असन तं जाय, मले काहून विचारतं?’ तिनं विचारलं होतं, तीनदा. तिन्ही वेळा मी पेपरात तोंड घालून बसलो होतो.

एस.टी.त बसल्यावर खिडकीतून म्हणाली, ‘एवढी सायकल सायकल करता, तं एकदा वर या. पाय न टेकवता घाट चढून या. मंग समजीन मी, का तुमाले यायचं होतं.’ दिवाळीला दोन दिवस आली तेव्हा आईशी पोटभर बोलली. माझ्याशी फक्त मीठ कमी-जास्त एवढंच.

मी एस.टी.नं जाऊ शकतो, कोणी हात धरला नाही. पण मग तिच्यासमोर म्हणावं लागेल, जमलं नाही. आमच्या घराण्यात हे वाक्य अजून कोणी बोललेलं नाही.

८ जानेवारी

अमरावतीला धर्मपालच्या दुकानात गेलो. त्यानं सायकल उलटी केली, चकत्यांचे दात मोजले.

‘शेखरभाऊ, पुढं एकच चकती, बत्तीस दातांची. मागं सगळ्यात मोठी बेचाळीसची. तुमचे पाय नाही हारून राह्यले, दात कमी पडून राह्यले.’

किती बरं वाटलं म्हणून सांगू! सात महिन्यांत पहिल्यांदा कोणी म्हणालं की दोष माझा नाही.

पुढची चकती लहान करावी तर रोज मळ्यातून फुलं घेऊन बाजारात जाताना सपाटीवर पाय नुसते भिरभिरणार. मागे शेहेचाळीस दातांपर्यंतचा चकत्यांचा गठ्ठा बसतो, बाकी काही बदलावं लागत नाही. एक्कावन्नचा घेतला तर घाट सोपा, पण चेन नवी आणि गिअर बदलणारा लांब हातही नवा.

धर्मपाल म्हणे, ‘घाट वर्षातून किती वेळा चढता? रोजचं तं सपाटच हाय ना?’

चहा पिऊन निघालो.

११ जानेवारी

धर्मपालनं शेहेचाळीसवालं एक जुनं चाक वापरून पाहायला दिलं. गढीच्या चढावर पाहिलं. सदतीस दातांवरून थेट शेहेचाळीसवर उडी – मधे काही नाहीच. पाय एकदम रिकामे फिरले, सायकल डगमगली, पडता पडता राहिलो. वळणावर असं झालं तर संपलंच.

एक्कावन्नमध्ये पायऱ्या बेतशीर आहेत. तेहेतीस, एकोणचाळीस, पंचेचाळीस, एक्कावन्न. तेच घ्यायचं.

१४ जानेवारी

संक्रांत. आईनं तिळगुळाचा डबा वेगळा भरून माझ्यासमोर ठेवला. ‘सुनेचा हाय. रथसप्तमीच्या आत नेऊन दे. मंग तिळगूळ नाही राहत तो, नुसते लाडू राह्यतात.’

रथसप्तमी चार फेब्रुवारीला. त्याआधी एकच रविवार धरण्यासारखा – दोन तारखेचा.

दुपारी संत्रं सोललं. पौर्णिमा सोलायची तेव्हा साल अखंड एका पट्टीत निघायची, आणि अर्धं संत्रं न विचारता माझ्या बशीत. इतक्या वर्षांत मी कधी पूर्ण संत्रं खाल्लं नाही. आजही अर्धंच गेलं. उरलेलं बशीत तसंच सुकलं. तिची फार आठवण येते. लिहून टाकलं एकदाचं.

२० जानेवारी

गाढव आहे मी! कालच सामान आलं. धर्मपालकडे जाईपर्यंत कुठं थांबू, म्हणून घरीच बसवायला घेतलं. नवी चेन जुनीला लावून मोजली आणि जुनीच्या मापानं तोडली. एक्कावन्नवर टाकली तर लांब हात पार ताणून पुढे आला. आणखी अर्धा फेरा मारला असता तर मोडलाच असता.

धर्मपालला फोन केला. तो आधी पोटभर हसला. ‘भाऊ, पोट सुटल्यावर शिंप्याले जुन्या सदऱ्याचं माप कोन देते?’

त्याच्याकडे दुसरी चेन नाही. अकोल्यात पाहा म्हणाला.

२३ जानेवारी

अकोला. तिसऱ्या दुकानात चेन मिळाली.

पौर्णिमानं बी.एड. इथेच केलं. लग्न ठरलं होतं तेव्हा मी तेल्हाऱ्याच्या मावशीचं नाव सांगून निघायचो आणि अकोल्यातच उतरायचो. मावशी वर्षभर वाट पाहत राहिली बिचारी. तेव्हा कोणी अट घातली नव्हती. नुसतं यावंसं वाटायचं, म्हणून यायचो. परतीच्या गाडीत हेच डोक्यात.

२६ जानेवारी

धर्मपालनं चेन बसवून दिली. सगळे गिअर लोण्यासारखे पडतात.

१ फेब्रुवारी

डबा मागे बांधला. दोन संत्री खिशात. वहीही घेतो. तिला कळवलं नाही. कळवून गेलो आणि पुन्हा टेकला तर?

२ फेब्रुवारी, रविवार, सकाळ

शाळेच्या पायरीवर बसून लिहितोय. चढलो. पाय न टेकवता!

जांभळीच्या वळणावर शेवटचा गिअर टाकला. चालणारा माणूस पुढे गेला असता, इतका हळू. समोरून एस.टी. उतरत होती. वाटलं, आता ही मला कडेला ढकलणार. पण ड्रायव्हरनं वळणाच्या वरच गाडी उभी केली. हॉर्न नाही, शिवी नाही. मी पुढे जाईस्तोवर थांबला. घाटात चढणाऱ्याला आधी वाट देतात हे पाळणारा कोणीतरी उरलाय अजून. मान वर करून त्याचं तोंडही पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तोल गेला असता.

शाळेला कुलूप. स्वयंपाकाच्या जाईबाई भेटल्या. म्हणाल्या, ‘बाई तं सकाळच्या गाडीनं खाली गेल्या. तिळगूळ घेऊन, तुमच्याच घरी.’

इथे फोनला रेंज नाही. डबा मांडीवर आहे.

२ फेब्रुवारी, संध्याकाळ

अंगणात माझ्याच खुर्चीवर बसून ती संत्रं सोलत होती. मी सायकल भिंतीला लावली. तिनं अर्धं संत्रं बशीत माझ्याकडे सरकवलं.

‘ड्रायव्हरले मीच म्हटलं, थांब म्हणून. अन् खिडकीखाली वाकून बसली. मी दिसली असती, तं तुमी पाय टेकवला असता.’