दोघींच्या हातची गोळी

तीर्थस्वरूप मामांना भाच्याचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आणि तुमची स्कूटर, दोन्ही आता कुरकुर न करता चालत असतील अशी आशा आहे. माझी प्रकृती उत्तम, किंबहुना जरा जास्तच उत्तम आहे, म्हणून हे पत्र.

थायरॉईड मंद निघाल्यापासून मला रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी असते. ती आई देते (आणि गिळेपर्यंत उशाशी उभी राहते). मग तासाभराने तीच गोळी बायको पुन्हा देते. आईने दिली म्हणावं तर बायको विचारणार, मग मी कशाला आहे? बायको देते म्हणावं तर आईचा दोन दिवस अबोला. दोघींच्या डब्या वेगळ्या, त्यामुळे बोभाटा झाला नाही. मी आपला दोन्ही गिळत राहिलो.

दीड महिन्याने आमच्या चष्म्याच्या दुकानातली कॉफी अंगात यायला लागली. हीच कॉफी पिऊन मी पूर्वी काचा घासायच्या मशीनवर मान टाकून झोपायचो. परवा अर्धा कप पोटात गेला आणि जेवणाच्या सुट्टीआधी चष्म्याच्या चाळीस काचा घासून मी मोकळा. काय हात चालत होता म्हणून सांगू. मग आरसे पुसले, शोकेस सरकवलं, मालकांना धंदा कसा करावा ते समजावलं (ते ऐकत होते, निदान मला तसं वाटलं). संध्याकाळी कळलं, चाळीसही काचा एकाच नंबरच्या. त्यातला एक चष्मा लावून एक मास्तर सपाट रस्त्यावर पायऱ्या उतरत गेले. मालक म्हणाले, अजून एक असा दिवस आणि तू घरी.

डॉक्टरांनी नाडी धरली आणि त्यांचेच डोळे मोठे झाले. ते म्हणाले, या गोळीचं हार्मोन वाजवीपेक्षा जास्त झालं की मेंदू आणि हृदय तरतरी आणणाऱ्या वस्तूला नको तेवढी दाद देतात. कमी पडलं की घागरभर कॉफीही वाया. असंच चाललं तर हृदय बिघडेल. दोन गोळ्या कोण देतं, असं त्यांनी विचारल्यावर मी त्यांच्याच चष्म्याचा नंबर विचारला. खरं सांगतो मामा, जिना चढताना छाती धडधडते आणि मला भीती वाटते.

तुमचा भाचा

ता. क. मुख्य काम राहिलंच. आई फक्त तुमचं ऐकते. मला गोळी देणं बंद कर असं तिला सांगा, पण बायकोचं नाव न काढता.

आणखी ता. क. पत्र टाकायचं राहिलं आणि तेवढ्यात डॉक्टरांनी घरी फोन करून सगळं फोडलं. रडारड झाली, मग दोघींनी मन मोठं केलं. आई म्हणते सूनबाईच देईल, बायको म्हणते मान सासूबाईंचा. तीन आठवडे गोळी कोणीच दिलेली नाही, आणि मी डबीला हात लावला की दोघींच्या डोळ्यांत पाणी. काल चार कप कॉफी पिऊन मी गिऱ्हाइकासमोर घोरलो. सुट्टी मालकांनी आपणहून दिली आहे, तेव्हा महिनाभर तुमच्याकडे येऊ का? गोळी माझी मी घेईन. फक्त मामीला काही सांगू नका, नाहीतर तीही द्यायला लागेल.