गोठलेला सडा

आई, त्या सकाळी मी नेहमीसारखाच उठलो, देवापाशी दिवा लावला आणि बादली घेऊन दाराबाहेर गेलो. अजून अंधारच होता. उंबऱ्यापासून गाडीपर्यंत सिमेंटची उतरती वाट आहे, तिच्यावर ओंजळीनं पाणी शिंपडत गेलो, तू शिंपडायचीस तसं. आत येऊन चहा टाकला. तेवढ्यात बाहेर त्या पाण्याची काच होत होती. तुला पटणार नाही, पण इथे कॅनबेऱ्यात ऐन आषाढात कडाक्याची थंडी पडते, पहाटे गवत पांढरं होतं, आणि आमच्या दक्षिणेकडच्या दाराला ऊन शिवत नाही.

तुझी सून, जिला तू पाहिलं नाहीस, हॉस्पिटलात नर्स आहे. कोरोनामुळे आम्ही सगळे घरात कोंडलेले, ती मात्र रोज पहाटे शिफ्टला निघायची. आधीच्याच आठवड्यात दारात पाय सरकून ती खांबाला लटकली होती. म्हणाली, “अहो, तुमच्या सड्यानं मी एक दिवस ड्यूटीला नाही, ॲडमिट व्हायलाच पोचेन.” लेक आतून ओरडली, “बाबा, इट्स अ स्केटिंग रिंक!” मी हसलो. बर्फ वितळावा म्हणून मूठभर मीठ टाकलं. सडा सोडला नाही.

कसा सोडणार? तू अंथरुणाला खिळलीस तेव्हा शाळेआधी शेणाचा सडा मीच घालायचो. शेजारची काकी तुला चिडवायची, “बाई, तुझा लेक सासरी नांदायला तयार झाला गं!” तू खोकत खोकत हसायचीस. शेवटी शेवटी माझा हात धरून म्हणालीस, “दार कोरडं ठेवू नको रे.” मग जिथे राहिलो तिथे, भाड्याच्या खोलीतसुद्धा, ठेवलं नाही. शेण नसलं तरी पाणी होतं.

चहा गाळत होतो तेव्हा धप्प आवाज आला. तुझी सून वाटेवर बसलेली, डबा घरंगळत गाडीखाली गेलेला, एका हातानं दुसरं मनगट धरलेलं. तोंडाला मास्क, नुसते डोळे दिसत होते. मी धावलो आणि घसरून तिच्या शेजारीच आपटलो. रडता रडता ती म्हणाली, “बसा आता, वितळेपर्यंत.”

मनगट मोडलं होतं. हॉस्पिटलात मला आत सोडलं नाही. पार्किंगमध्ये गाडीत बसून नामस्मरण करायला गेलो, पण डोळ्यांपुढे आपलं पावसाळ्यातलं अंगण येत राहिलं. शेवाळ धरलं की तू सडा घालायची नाहीस. चुलीतली राख पसरायचीस, शाळेला निघताना मी पडू नये म्हणून. इतकी वर्षं तुझं वाक्य जपलं, आणि ही राख विसरलो.

त्यानंतरही सडा एकदम सुटला नाही. वाटेपासून लांब, लिंबाच्या कुंडीपाशी चार थेंब शिंपडून मनाची समजूत घालत होतो. प्लॅस्टर निघून ती आज पुन्हा कामावर गेली. त्याआधी मी लाकडं जाळायच्या हीटरमधली राख उंबऱ्यापासून गाडीपर्यंत पसरली. ती जपून उतरली, गाडीचं दार उघडून मागे वळली.

“आज सडा?”

“नाही.”

“आईंना चालेल?”

मी आत आलो. सवयीनं भरलेली बादली सिंकमध्ये ओतली. तुला विचारलं नाही, आई. दार कोरडं ठेवलं.