तीन वर्षांची दाढदुखी

तीर्थरूप दादांना, इनामगावहून नकुशीचा नमस्कार.

दादा, माझे दात चांगले हायेत. ते कधी दुखलेच न्हाईत.

बारावीनंतर तुम्ही माझा बी.ए.चा फॉर्म चुलीत घातला होता. म्हणून चाळिशीत मुक्त विद्यापीठात नाव घातलं, ते फक्त ह्यांना ठाऊक. पहिल्याच रविवारी शिरूरला तास चालू असताना यवतहून तुमचा फोन आला. घाबरून मी म्हणाले, "दाताच्या डॉक्टरकडं आलेय." मग तीन वर्षं दर रविवारी तुम्ही विचारायचा, "आता कुठली दाढ?" बत्तीस संपल्यावर मी पुन्हा पहिलीपासून सुरुवात केली. तुम्ही मात्र चावायला नको म्हणून वहिनींकडून शिरा करून पाठवत राहिलात. खाताना लाज वाटायची, पण एकदाही परत पाठवला न्हाई.

मागच्या महिन्यात मी फर्स्ट क्लासमध्ये पास झाले. आता एम.ए. करायचंय, पण सांगायला दात उरले न्हाईत.

तेवढ्यात काल वहिनींचा फोन आला. तुमचा गाल सुजलाय आन् तुम्ही हटून बसलाय, "नकुशीच्याच डॉक्टरकडं जायचं. तीन वर्षांत तिचा एक दात पडला न्हाई."

म्हणून हे पत्र पोस्टात टाकत न्हाई. शिरूरला एक खरा डॉक्टर शोधलाय. दाढ काढल्यावर तासभर तोंडात कापूस धरून गप बसावं लागतं म्हणे. तवाच हे पत्र आन् मार्कशीट तुमच्या हातात ठेवते.

तुमची धाकटी बहीण,
नकुशी हनुमंत कोळपे, बी.ए.