हेडफोनची पारख

ता. ३ डिसेंबर १९३५, धारूर.
सत्यभामा दिवाळीला माहेरी गेली, ती आष्टीलाच राहिली. सासरे राधाकिशनराव म्हणतात, जावईबापूंनी एक तरी काम धड करून दाखवावं, मग लेक धाडतो. ठीक! बॅटरीचा रेडिओ जमवला आहे. आता फक्त हेडफोन निवडायचा. सासऱ्यांना मुंबईचं गाणं ऐकवलं की बायको घरी.

ता. ९.
पार्सल आलं. दोन नमुने मागवले होते. एक दांडीचा, हातात धरून एका कानाला लावायचा. पोरखेळ! मोकळ्या कानात गाढवं ओरडतात. दुसरा दोन कानांचा, डोक्यावरून पोलादी पट्टी. अस्सल माल. लावून पाहिला तर नुसती खरखर आली, पण किती स्वच्छ खरखर! दांडीचा परत पाठवला. पारख लागते.

ता. १२, पहाटे.
झोप नाही. भाकरी रोज करपते. घर खायला उठतं. शेजारच्या भिवराबाईंनी विचारलं, सत्यभामा कावून येईना? तब्येत बरी नाही म्हणालो. कुणाची ते सांगितलं नाही. हेडफोन घालून आरशात पाहिलं. रुबाब आहे. उद्या आष्टी.

ता. १३, आष्टी.
संध्याकाळी मुंबई लागली! गाणं अगदी स्पष्ट. बैठक माणसांनी भरलेली. पण पट्टी सासऱ्यांच्या फेट्यावर बसेना. ताणली, तरी बसेना. नम्रपणे म्हणालो, मामा, फेटा जरा उतरवता का? सासरे म्हणाले, "बोडकं व्हायला घरात कोण मेलंय?" मी घाईनं म्हणालो, अजून कुणी नाही. 'अजून' टाळायला हवं होतं.

शेवटी सत्यभामानं पदरावरूनच हेडफोन लावला. नीट बसला. ती ऐकत गेली, वडलांना एकेक ओळ सांगत गेली. सासरे खूश! म्हणाले, "लई झ्याक हाय." जिंकलो. तिला गाठोडं बांधायला सांगणार आहे.

ता. १४, रात्री, धारूर.
सासऱ्यांना आता रोज बातम्या हव्यात. फेटा उतरणार नाही. म्हणून ऐकून सांगायला लेक तिथंच राहणार. मला म्हणाले, "यंत्र ऱ्हाऊ द्या. तुमी या."

ती दारापर्यंत आली. मला रडू येत होतं. तेवढ्यात सासऱ्यांनी विचारलं, बॅटरी कुठवर चालंल? मी छाती पुढे काढून सांगितलं, माल मी निवडलाय मामा, उन्हाळाभर बघायला नको.