मुक्काम साडेदहा हजार फूट, व्यक्ती दोन

११ जून
पोचलो एकदाचा! कॅन्ससच्या सपाटीवरून निघालो तो सोळा तास एका दमात, थेट कोलोरॅडोच्या माथ्यावर. हवा अशी की श्वास घेतला तरी घेतल्यासारखा वाटत नाही, पण उजेड काय सुरेख! या गाडीतळाची मुकादम लोरेटा ओकहॅमर हिने पहिलंच विचारलं, वाटेत खाली मुक्काम केलास का रे? म्हटलं, मी काय म्हातारा आहे? तिने चाव्या माझ्या हातात टाकल्या.

काम सोपं आहे. घरगाड्यांच्या, म्हणजे चाकांवरच्या घरांच्या, बावीस जागा, दोन संडास, रोज सकाळी एक फेरी. प्रत्येक जागेपुढे खांब, खांबावर चिठ्ठी: नाव, व्यक्ती किती, जाणार कधी. बदल्यात एक नंबरच्या जागेवर माझी खटारा व्हॅन फुकट उभी. इथे चिप्सची पाकिटं आपोआप फुगतात. एक मांडीवरच फुटलं. दुपार त्यातच गेली.

१६ जून
घरगाडीवाले ही एक वेगळीच जात आहे. सहा-सहा महिने आधी घड्याळ लावून जागा राखतात. दुपारी सावली कुठल्या बाजूला? उतार किती? विजेचं खोकं किती पावलांवर? अरे, डोंगर बघायला येताय की जावई शोधताय?

आमच्या मातोश्री त्यातल्याच. त्यांची एक वही आहे, रंगीत पेन्सिलींनी आखलेली: पहिली रात्र पाच हजार फुटांवर, दुसरी-तिसरी आठ हजारांवर, मग वर माझ्याकडे. खालच्या दुकानातून फोन केला तर म्हणाली, टली, हळूहळू चढावं रे, डोंगराला राग येतो. मी इतका हसलो की दुकानदारीण बघायला लागली. मग काय, तिच्या खालच्या दोन्ही जागा मीच रद्द केल्या आणि नऊ नंबर दिला, सत्तावीस तारखेपासून. म्हटलं, ये सरळ, कोंबडीसारखी थांबत-थांबत नको. रुसली, पण हो म्हणाली.

१९ जून
आज आयोवाचे मर्ल आणि ज्युडीन हॅगस्ट्रम आले, चौदा नंबरवर. त्यांनाही फोनवर मीच सांगितलं होतं, खाली वेळ घालवू नका. मर्ल पाऊण तास चाकाखाली फळ्या सरकवत होता, हातात पातळी बघायची नळी. मागून ज्युडीनबाई ओरडत होत्या, डावीकडे मर्ल, डावीकडे, आपल्या लग्नासारखी तिरकी नको! बाई मजेदार आहे. मला ब्लूबेरीची धिरडी दिली. चार खाल्ली. तरी माणसं खुळीच.

२१ जून
चौदाच्या चिठ्ठीवर २ खोडून ३ केलंय. अक्षर मर्लचंच. विचारलं, कोण आलं? तो म्हणाला, कोण येणार, आम्ही तिघंच तर आहोत पहिल्यापासून. टेबलावर तीन बश्या. तिसरा कोण, म्हटलं, तर दोघंही माझ्याकडे असे बघू लागले जसा मीच वेडा. विरळ हवेने म्हाताऱ्यांची टाळकी फिरतात, दुसरं काय. सात नंबरच्या बाईने काल कुत्र्याचं भांडं समजून माझ्या बुटात कॉफी ओतली होती.

२३ जून
चौदाच्या चिठ्ठीवर परत २. मला हायसं वाटलं. मग मर्ल दिसला, एकटाच खुर्च्या आवरत होता. ज्युडीनबाई कुठायत? त्याने विचारलं, कोण?

थट्टा वाटली. मी सांगत बसलो, तुमची बायको, ओरडणारी, धिरडीवाली. तो सभ्यपणे म्हणाला, माझं लग्न झालेलं नाही, पोरा. आम्ही दोघं आलो, दोघं चाललो. गाडी गेली. शेजारच्या रिकाम्या सीटचा पट्टा लावलेला होता, आणि ताणलेला.

२४ जून
लोरेटाला सगळं सांगितलं. तिने पोलिसांना कळवलं. त्यांनी मर्लला हमरस्त्यावर थांबवलं, उत्तर तेच: दोघं. जंगलही धुंडाळलं, बाई नाही.

मग ती म्हणाली, खाली दोन रात्री उगाच सांगतो का आम्ही? गाडी भरभर वर येते, माणूस मागून पायी येतो. तोवर त्याची जागा रिकामी. रिकाम्या जागेवर कुणीतरी बसतं. एक-दोन दिवसांत आकडा वाढतो. मग पुन्हा बरोबर होतो, फक्त माणूस तोच नसतो. आणि घरच्यांना वाटतं, तोच होता कायम.

म्हटलं, लोरेटाताई, हे तुम्ही पाटीवर का नाही लिहीत? ती म्हणाली, लिहिलं होतं. तुझ्यासारखे हसले.

२६ जून
अकरा मैल खाली दुकानात. आईला सात वेळा फोन. लागत नाही. ती कालच निघाली, शेजारीण म्हणाली, आणि वहीही घेतली नाही, टली म्हणतो गरज नाही. माझ्या मूर्ख तोंडाला—

२७ जून
आली. भर दुपारी, हॉर्न वाजवत. मी फाटकातच आडवा उभा राहिलो. म्हटलं, उलटी फिर, खाली जाऊ, आत्ताच. ती म्हणाली, सातशे मैल चालवून आले, आधी चहा तरी विचार, माकडा. पाय सुजलेत तिचे. घाट उतरताना झोप लागली तर? उद्या पहाटे निघायचं ठरलं. चिठ्ठी मी लिहिली. व्यक्ती: १. दोनदा गिरवलं.

२८ जून
चिठ्ठीवर २.
तिचं अक्षर. पेन्सिल निळी.
विचारलं, आई, दुसरं कोण? ती हसली. म्हणाली, अहो, माझा मुलगा.
अहो म्हणाली. मला.

म्हटलं, मुलगा मीच. ती घाबरली. मला कळलंच नव्हतं की सगळ्यांच्या आधी मीच असा सरळ वर आलोय. सोळा तास. एका दमात. माझी जागा किती दिवस—

माझ्या खांबावर पाहिलं. व्यक्ती: १. मी कधी लिहिलं ते आठवत नाही. शाई पुसट होतेय. मी नुसता बघत असताना.

२८, दुपार
लोरेटाला हाक मारली. तिने मला विचारलं, तुम्ही कुठल्या नंबरवर?

आई सामान आवरतेय. आनंदात आहे. आतल्या कुणाला तरी म्हणतेय, टली, मोजे घाल, खाली थंडी असेल. तो काहीतरी बोलला. ती खदखदून हसली. माझ्या विनोदांना अशी कधी हसली नव्हती.

ती सुखरूप आहे. हेच हवं होतं ना. तिला काही झालं नाही. फक्त

२८
गाडी सुरू. मी काचेवर हात मारला. तिने काच अर्धी खाली केली, म्हणाली, काही हवंय का तुम्हाला? दमलेले दिसता. खाली येऊन दोन दिवस राहा, वर भरभर येऊ नये.

मी नाव सांगायला तोंड उघडलं. नाव—

चिठ्ठी लिहून काचेतून टाकतो. ती वाचेल. अक्षर ओळखेल. आई, मी तुझा