पोळ्याचं ताट

प्रिय भारत,

तुझा अर्ज पोचला. थेट इंग्लंडच्या सरकारला माफी मागायला लावतोस! शाळेत मास्तरांनी प्रश्न विचारला की माझ्यामागे लपणारा तो तूच ना? दोनदा वाचला, अभिमान वाटला. तुझे आजोबा भिवा यांना पहिल्या महायुद्धात ओझी वाहायला नेलं, ते परत आलेच नाहीत. त्या अर्जावर गावचा साक्षीदार म्हणून तुला माझी सही हवी आहे. सही करतो. पण आधी हे वाच.

पोळ्याचं ताट आठवतं? बैलांची मिरवणूक आटोपली की माझे आजोबा, पुंजाराम पाटील, पुरणपोळीचं ताट फडक्यानं झाकून माझ्या हाती द्यायचे, भिवाच्या घरी दे म्हणून. तुझी आजी कौसल्या उंबऱ्यातूनच सांगायची, 'न्हाई म्हणावं.' दरसाल तेच. मग तू माझ्यामागे पळत यायचास आणि आपण दोघं विहिरीच्या काठावर ताट चाटूनपुसून साफ करायचो. तू तर गुळवणीचा थेंबही ठेवायचा नाहीस, हावरटा! काय दिवस होते ते. घरी रिकामं ताट दिसलं की आजोबा बराच वेळ त्याच्याकडे बघत बसायचे. मार बसेल या भीतीनं मी खरं कधी सांगितलं नाही.

मी कॉलेजात असताना ते गेले. शेवटच्या दिवसांत मला जवळ बसवून म्हणाले, 'लढाईला हमाल द्या म्हणून साहेबाचा हुकूम आल्ता. माणसं म्या निवडली. भिवाला म्हणलं, जालन्यात आठ दिवसाचं काम हाय. बोटीनं जायचंय, हे मला बराबर ठाऊक होतं. पर कौसल्येनं माफ केलं मला. दरसाल ताट रिकामं आलं ना.' मी मान हलवली. ते समाधानानं गेले, आणि मी पन्नास वर्षं गप्प बसलो.

अर्जात तू लिहिलंस, साहेबानं फसवून नेलं. हुकूम साहेबाचाच, त्यांनी माफी मागावी आणि भरपाईही द्यावी. पण फसवलं माझ्या आजोबांनी. त्यांचंही नाव घाल, त्याखाली मी सही करतो. विलायतेचं उत्तर येईल तेव्हा येईल; माझ्या घराच्या वतीनं मी आजच तुझी माफी मागतो. यंदा पोळ्याला ताट घेऊन जुन्या जालन्यात तुझ्या दारी येतोय. नको वाटलं तर भरलेलंच परत दे. मी ते तसंच झाकून घरी नेईन.

तुझाच,
काकासाहेब
हसनाबाद